इनोसंट, नाईव्ह, प्युअर, चेस्ट : शब्द नेमकं काय नाकारतो?

प्रश्न असा आहे: इनोसंट, नाईव्ह, इन्जेन्युअस, गाइललेस, प्युअर, चेस्ट, इमॅक्युलेट, प्रिस्टीन या सगळ्या शब्दांपुढे इंग्रजी-मराठी कोशात निरागस, निष्पाप, निर्मळ, शुद्ध हेच अर्थ आलटून पालटून दिलेले असतात. मग वाचताना आणि लिहिताना त्यांतला फरक ओळखायचा कसा?

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं आणि ते शिकवणं हे माझं गेल्या अनेक वर्षांचं काम आहे. या शब्दांपाशी आले की मी एकच गोष्ट तपासते: हा शब्द नेमकं काय नाकारतोय? चांगुलपणाचे आणि शुद्धतेचे बरेचसे शब्द खरं तर अभावाचे शब्द असतात. मराठीत ते उघड दिसतं. निष्पाप म्हणजे पाप नसलेला, निर्मळ म्हणजे मळ नसलेला, निष्कपट म्हणजे कपट नसलेला. इंग्रजीत तो नकार पुष्कळदा लॅटिनमध्ये दडलेला असतो. तो शोधून काढला की कोशातली गर्दी आपोआप पांगते.

सगळ्यात आधी इनोसंट, कारण घोळ तिथेच सर्वाधिक होतो. लॅटिनमध्ये 'नोकेरे' म्हणजे इजा करणं. त्याला 'इन' हा नकार लागला आणि इजा न करणारा तो इनोसंट झाला. निरुपद्रवी या अर्थाचा इनॉक्युअस, अपायकारक या अर्थाचा नॉक्शस आणि फ्रेंचच्या वाटेने आलेला न्यूसन्स ही याच धातूची भावंडं. आपल्या निरागस शब्दाची घडणही अशीच आहे. संस्कृतात आगस् म्हणजे अपराध. तो नसलेला निरागस. मात्र पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मराठीत निरागस हा शब्द लहान मुलाच्या चेहऱ्यापुरता, हसण्यापुरता, फार तर डोळ्यांपुरता उरला. आरोपीला आपण निरागस म्हणत नाही. इंग्रजीत मात्र इनोसंट पाळण्यातही आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही. त्यामुळे मराठीत आणताना त्याला किमान तीन वेगवेगळे शब्द लागतात, आणि कुठला घ्यायचा हे इनोसंट या शब्दाकडे नुसतं बघून कळत नाही, आजूबाजूचं वाक्य पाहावं लागतं.

कायद्यात इनोसंट नाकारतो तो गुन्हा. मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्यातलं अकरावं कलम सांगतं की दोष सिद्ध होईपर्यंत इनोसंट मानलं जाण्याचा प्रत्येक आरोपीला हक्क आहे. 'शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचं प्रसिद्ध इंग्रजी रूप 1760 च्या दशकात विल्यम ब्लॅकस्टन या इंग्रज कायदेपंडितांनी लिहिलं. त्यांचा आकडा दहा होता, शंभरचा आकडा नंतर बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पत्रात येतो. मराठीत या वाक्यात निरपराध हा शब्द रुळला आहे आणि तो अगदी अचूक आहे. न्यायालय गुन्ह्याचा निवाडा करतं, पापाचा नाही. म्हणून इथे निष्पापही बसत नाही. बाँबस्फोटाच्या बातमीतल्या 'इनोसंट सिव्हिलियन्स'नाही मी निरपराध नागरिकच म्हणते. 'निष्पाप नागरिक' वाचकाला खटकत नाही, पण त्यात हळहळ मिसळलेली आहे. बातमीपेक्षा ते शब्द श्रद्धांजलीच्या लेखात शोभतात.

आता एक बारीक फरक. इंग्रजी पद्धतीची न्यायालयं निकालात इनोसंट म्हणत नाहीत, नॉट गिल्टी म्हणतात. सरकारी पक्षाला गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करता आला नाही, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. या माणसाने ते केलंच नाही, असा दाखला न्यायालय देत नाही. स्कॉटलंडमध्ये तर गिल्टी आणि नॉट गिल्टी यांच्या जोडीला 'नॉट प्रूव्हन' असा तिसरा निकालही शतकानुशतकं होता. तो रद्द करणारा कायदा तिथल्या संसदेने 2025 मध्ये मंजूर केला. उलट, अमेरिकेतली असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था बरीच वर्षं आपल्या बातमीदारांना नॉट गिल्टीऐवजी इनोसंट लिहा असं सांगत असे. तारेवरून बातमी जाताना चुकून 'नॉट' गळला तर सुटलेला माणूस छापात गुन्हेगार ठरेल, ही त्यामागची भीती होती. कारण रास्तच म्हणायला हवं, पण त्या सोयीपायी दोन शब्दांतला फरक वाचकांच्या मनातून पुसट झाला.

मराठी बातमीत 'निर्दोष मुक्तता' हा अॅक्विटलचा ठरलेला प्रतिशब्द आहे. संशयाचा फायदा मिळून कुणी सुटलं तरी आपण निर्दोष मुक्तताच लिहितो, आणि वाचक त्याचा अर्थ 'याने काही केलंच नव्हतं' असा घेतो. मुक्तता हा एकच शब्द बातमीला पुरला असता असं मला फार वाटतं, पण इतक्या वर्षांनी तो प्रघात बदलणं कठीण आहे. खटला उभा राहण्याआधीच न्यायालयाने प्रकरणातून वगळलं तर इंग्रजीत डिस्चार्ज, मराठीत दोषमुक्त किंवा आरोपमुक्त. क्लीन चिट हा प्रकार यांहून निराळा. ती तपास यंत्रणा किंवा चौकशी समिती देते. निकालाशी तिची गल्लत करू नये. शिवाय हा भारतीय इंग्रजीतला शब्दप्रयोग आहे, लंडनच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागतो. एक्झॉनरेट या सगळ्यांच्या पुढे जातो. लॅटिन 'ओनस' म्हणजे ओझं. ते उतरवणं म्हणजे एक्झॉनरेट. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी सुरू केलेल्या इनोसन्स प्रोजेक्टने डीएनए चाचणीच्या आधारे अनेक कैद्यांना सोडवलं. अशा माणसांसाठी हा शब्द वापरतात, कारण गुन्हा त्यांनी केलेला नव्हता हे तिथे पुराव्याने दाखवलेलं असतं. मराठीत अशा वेळी 'निर्दोष असल्याचं सिद्ध झालं' असं पूर्ण वाक्य खर्च करावं. आणि पार्डन म्हणजे माफी. तीत शिक्षा जाते, निरपराध असल्याचा निर्वाळा मिळत नाही.

इनोसंटचा दुसरा अर्थ नाकारतो ते ज्ञान, समज. लहान मूल इनोसंट असतं ते त्याने काही फोडलं-मोडलं नाही म्हणून नाही. आपण काय करतोय याची त्याला जाण नसते म्हणून. हेही कायद्याने फार पूर्वी ओळखलेलं आहे. भारतीय दंड संहितेच्या 82 व्या कलमानुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नसे, आणि 83 व्या कलमानुसार सात ते बारा या वयात मुलाची समज किती पक्व आहे ते पाहिलं जाई. 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कायम आहे. वकील मंडळी याला 'डोली इन्कॅपॅक्स' म्हणतात. त्यातला 'डोलुस' म्हणजे कपट, दुष्ट हेतू. कराराच्या कायद्यात 'इनोसंट मिसरिप्रेझेंटेशन' येतं तेव्हाही नाकारलेलं असतं ते ज्ञानच: माणसाने खोटी माहिती दिली, पण ती खोटी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. याचं भाषांतर 'निरागस चुकीचं निवेदन' असं केलेलं मी पाहिलं आहे. त्यातून काहीही कळत नाही. 'अजाणता केलेलं चुकीचं कथन' म्हणावं.

याच अर्थाची एक फांदी साहित्यात भेटते. 'अ फेस इनोसंट ऑफ मेकअप' म्हणजे रंगरंगोटीचा स्पर्श नसलेला चेहरा. इथे इनोसंट ऑफ म्हणजे नुसतं 'विरहित'. निरागस शब्द घातला की वाक्य बिघडतं.

तिसरा अर्थ भोळेपणाचा. इनोसंट माणसाला कपट ठाऊक नसतं, म्हणून तो फसतो. 28 डिसेंबरला ख्रिस्ती परंपरेत हेरोद राजाने मारलेल्या बालकांची आठवण करतात आणि त्या बालकांना इंग्रजीत होली इनोसंट्स म्हणतात. स्पेनमध्ये तोच दिवस एकमेकांना बनवण्याचा असतो, आपल्या एक एप्रिलसारखा, आणि फसणाऱ्याला 'इनोसेंते' म्हणून हाक मारतात. निष्पाप बालक आणि सहज गंडणारा माणूस, दोघांना एकच शब्द. मराठीत या टोकाला भोळा, भाबडा, त्याच्याही पुढे भोळसट अशी उतरंड आहे. इंग्रजी लेखकाच्या सुरात माया आहे की कीव, हे पाहून त्यातली पायरी निवडायची.

इथूनच आपण नाईव्हपाशी येतो. नाईव्ह आणि नेटिव्ह हे एकाच लॅटिन शब्दाचे वारस: जन्मजात, जसा जन्मला तसा. नाईव्ह नाकारतो तो अनुभव. माणसाबद्दल वापरला की यात बहुतेक वेळा दोष असतो. इतक्या वयात एवढं कळायला हवं होतं, असा सूर. इनोसंट म्हटल्यावर माणूस हसेल, नाईव्ह म्हटल्यावर दुखावला जाईल. पण काही क्षेत्रांत हा शब्द पूर्ण तटस्थ आहे, आणि भाषांतर करणाऱ्याने ते माहीत करून घ्यायलाच हवं. वैद्यकीय संशोधनातला 'ट्रीटमेंट-नाईव्ह' रुग्ण भोळा नसतो. त्या आजारावरचं औषध त्याने अजून एकदाही घेतलेलं नसतं. संगणकशास्त्रातल्या 'नाईव्ह बेझ' या वर्गीकरणाच्या पद्धतीत सगळे गुणधर्म एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरतात, त्या सरधोपट गृहीतकाला नाईव्ह म्हटलं आहे. चित्रकलेत आंरी रूसो या पॅरिसच्या जकात कर्मचाऱ्याच्या चित्रांना नाईव्ह म्हणतात, कारण त्याने रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. रोगी, गणित आणि चित्र या तिन्ही ठिकाणी 'भोळा' लिहिणं म्हणजे अर्थाचा अनर्थ.

इन्जेन्युअस मात्र बहुतेक कौतुकाचाच शब्द आहे. रोमन कायद्यात 'इन्जेनुउस' म्हणजे जन्मतः स्वतंत्र असलेला माणूस, गुलामगिरीतून सुटलेला नव्हे. स्वतंत्र माणसाला कुणाची भीती नसते, म्हणून तो मोकळं बोलतो. त्यातून मनात एक ओठात एक नसणं हा अर्थ आला. हा शब्द लपवाछपवी नाकारतो. ऋजू हा त्याचा जवळचा मराठी सोबती. बोलीत 'मोकळ्या मनाचा'. स्पर्धा परीक्षांत याला इन्जीनियसशी जोडून सापळा लावलेला असतो. इन्जीनियस म्हणजे कल्पक, युक्तिबाज; आणि हे दोन शब्द एकेकाळी खुद्द इंग्रजही एकमेकांच्या जागी लिहीत. आजच्या वाचनात इन्जेन्युअसपेक्षा त्याचा विरुद्धार्थी डिसइन्जेन्युअस कितीतरी जास्त भेटतो. त्याचा अर्थ नुसता अप्रामाणिक किंवा खोटारडा नाही. सगळं ठाऊक असून ठाऊक नसल्याचा आव आणणं, हा त्याचा गाभा. वेड पांघरून पेडगावला जाणं, हे तर डिसइन्जेन्युअसचं तयार भाषांतरच आहे. एकाच विशेषणात हवं असेल तर साळसूद.

गाइललेसमध्ये नकार उघड आहे: गाइल म्हणजे कावा, तो नाही. निष्कपट, निर्व्याज. आर्टलेस याच अर्थी येतो, पण तो कधी कधी 'ओबडधोबड' असाही असतो. इतकं पुरे.

या शब्दांचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे, कारण माणसं साधेपणाकडे कोणत्या नजरेने पाहत आली ते त्यात दिसतं. सिली हा आज मूर्खासाठीचा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज म्हणजे सुखी, देवाचा कृपापात्र. पुढे तो निष्पाप झाला, मग बिचारा, मग दुबळा, आणि शेवटी बावळट. सोफिस्टिकेटेडची गत नेमकी उलट. जुन्या काळी सोफिस्टिकेट करणं म्हणजे भेसळ करणं. सोफिस्टिकेटेड वाइन म्हणजे भेसळीची दारू, आणि अनसोफिस्टिकेटेड म्हणजे अस्सल. आज तोच सोफिस्टिकेटेड सुसंस्कृत झाला आणि अनसोफिस्टिकेटेड गावंढळ. कॅन्डिडचं मूळ लॅटिन 'कान्दिदुस', म्हणजे शुभ्र पांढरा. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे खडूने पांढरा केलेला झगा घालत, म्हणून ते कँडिडेट. कॅन्डिडचा अर्थ आधी शुभ्र, नंतर निर्मळ, मग मनात किल्मिष नसलेला, मग स्पष्टवक्ता असा सरकत गेला आणि आता लग्नातल्या कॅन्डिड फोटोंपर्यंत आला आहे. सतराव्या शतकातल्या मजकुरात कॅन्डिड दिसला तर त्याला आजचा अर्थ लावू नका.

आता शुद्धतेचे शब्द. इथे चारित्र्य बाजूला ठेवून आधी वस्तूंकडे बघावं, म्हणजे फरक स्पष्ट होतो.

प्युअर नाकारतो ती मिसळ. एखाद्या गोष्टीत दुसरं काही नाही, इतकंच तो सांगतो. म्हणून प्युअर आणि क्लीन एक नव्हेत. प्यायचं बाटलीबंद पाणी स्वच्छ असतं, पण त्यात क्षार असतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते प्युअर नसतं. सोन्याचंही तसंच. 22 कॅरटच्या दागिन्यावर 916 असा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं. प्युअर व्हेज ही आपल्याकडची पाटीही मिसळच नाकारते: या स्वयंपाकघरात मांस-मासे शिजत नाहीत. मराठीतला शुद्ध हा शब्द प्युअरच्या बराच जवळ जातो. प्युअर मॅथेमॅटिक्स शुद्ध गणित होतं, प्युअर नॉन्सेन्स शुद्ध मूर्खपणा होतो. पण प्युअर सायन्सला आपण मूलभूत विज्ञान म्हणतो, आणि सोवळ्यातल्या शुद्धतेसाठी इंग्रजीत नुसतं प्युअर पुरत नाही, रिच्युअली प्युअर असं म्हणावं लागतं.

व्हर्जिन नाकारतो तो आधीचा वापर. पुनर्वापर उद्योगात व्हर्जिन प्लास्टिक म्हणजे आधी एकदाही वितळवून न वापरलेलं प्लास्टिक. त्यात पावित्र्याचा संबंध नाही. ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांवर तर प्युअर आणि व्हर्जिन यांची क्रमवारीच उलटलेली दिसते. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे नुसत्या यांत्रिक पद्धतीने काढलेलं, शंभर ग्रॅममागे 0.8 ग्रॅमपेक्षा जास्त मुक्त आम्लता नसलेलं तेल. आणि ज्या बाटलीवर प्युअर लिहिलेलं असतं ते बहुधा रिफाइन्ड तेलात थोडं व्हर्जिन तेल मिसळून केलेलं, म्हणजे खालच्या प्रतीचं. प्युअर शब्दावर भिस्त ठेवून बाटली उचलणाऱ्याला हे ठाऊक असलेलं बरं.

इमॅक्युलेट नाकारतो तो डाग. लॅटिन 'माकुला' म्हणजे ठिपका. डोळ्यांचे डॉक्टर दृष्टिपटलावरच्या ज्या पिवळ्या ठिपक्याला मॅक्युला म्हणतात तोच शब्द. निष्कलंक हा त्याचा मराठी जुळा भाऊ, कारण कलंक म्हणजेही डागच. इस्त्रीचा पांढरा सदरा इमॅक्युलेट असतो, प्युअर नसतो. धर्मात या शब्दाने एक मोठा गैरसमज चिकटवून घेतला आहे. इमॅक्युलेट कन्सेप्शन म्हणजे येशूचा कुमारी मातेपोटी झालेला जन्म, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. पोप नववे पायस यांनी 1854 मध्ये जाहीर केलेला हा सिद्धांत खुद्द मेरीबद्दल आहे: आपल्या आईच्या गर्भात आली त्या क्षणापासून ती आदिपापाच्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापाच्या, डागापासून मुक्त होती. पणजीच्या प्रसिद्ध चर्चचं नाव याच श्रद्धेवरून आहे आणि त्याचं फेस्त 8 डिसेंबरला असतं. मेरीचा जन्मदिवस 8 सप्टेंबर, बरोबर नऊ महिन्यांनी. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा त्याच दिवसानंतरच्या रविवारी सुरू होते. तारखा शेजारी ठेवल्या की हा गर्भ कोणाचा, याबद्दल शंका उरत नाही. येशूच्या जन्माला व्हर्जिन बर्थ म्हणतात.

प्रिस्टीन नाकारतो तो काळाचा परिणाम. 'प्रिस्टिनुस' म्हणजे पूर्वीचा, मूळचा. हस्तलिखिताची प्रिस्टीन अवस्था म्हणजे पहिली अवस्था. 'लख्ख स्वच्छ' हा अर्थ बराच अलीकडचा. पर्यटनाच्या जाहिरातींतले प्रिस्टीन बीच त्यानेच भरले आहेत. किनाऱ्यासाठी मी 'अस्पर्श' लिहिते.

राहिला चेस्ट. उच्चार 'वेस्ट मटेरियल'मधल्या वेस्टसारखा, छातीच्या चेस्टपेक्षा लांबवलेला. याचा विषय आचरण: तो असंयम नाकारतो. सेलिबेट म्हणजे मुळात अविवाहित, आता ब्रह्मचारी. व्हर्जिन म्हणजे ज्याचा शरीरसंबंध आलेला नाही. चेस्ट मात्र विवाहित, मुलंबाळं असलेला माणूसही असू शकतो, कारण त्यात निष्ठा आणि मर्यादा आहे. चेस्ट लेखनशैली म्हणजे अलंकार आवरून धरलेली. 'शी स्पोक इन चेस्ट मराठी' ही रचना भारतीय इंग्रजीतली. तिथे अर्थ बिनभेसळीची मराठी असा, म्हणजे खरं तर प्युअरचा. आणि याच चेस्टच्या लॅटिन मुळाशी, 'कास्तुस'शी, बहुतेक कोश पोर्तुगीज 'कास्ता' शब्द जोडतात. पोर्तुगिजांनी तो इथल्या जातींना लावला आणि त्यातून इंग्रजी कास्ट झाला. मिसळ नको, हा शुद्धतेचा निकष सोन्याला आणि तेलाला लावणं ठीक. माणसांच्या कुळांना तो लावला की काय होतं, ते आपल्या समाजाने भोगलं आहे आणि अजून भोगतो आहे. म्हणून माणसाच्या संदर्भात प्युअर शब्द दिसला की मी तिथे थांबते आणि लेखक मनाबद्दल बोलतोय की रक्ताबद्दल, हे आधी पाहते. मनाबद्दल असेल तर निर्मळ. रक्ताबद्दल असेल तर 'शुद्ध रक्ताचा' असंच कडक भाषांतर करावं. सौम्य शब्द वापरून त्यातला विखार झाकू नये.

शेवटी लिहिण्याबद्दल. आपली मुलं परदेशी विद्यापीठांसाठी अर्ज करतात, आणि शिफारसपत्रात शिक्षक प्रेमाने लिहितात, 'ही इज अ व्हेरी इनोसंट बॉय.' त्यांच्या मनात असतं साधा, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वाचणाऱ्यापर्यंत पोचतं ते एकतर 'याला जगाचं काही कळत नाही' किंवा 'याच्यावर काही आरोप होता की काय'. प्युअर लिहिलं तर आणखी विचित्र वाटतं. तिथे ऑनेस्ट, स्ट्रेटफॉरवर्ड, सिन्सिअर यांपैकी जो त्या मुलाला खरोखर लागू असेल तो लिहा, आणि पुढच्याच ओळीत त्याचं एक उदाहरण द्या.